माळ्यावर काकांचा जुना मिलिटरी ट्रान्समीटर सापडला, एएमवर चालवू की तसाच ठेवू?

गिरगावचा_मंदार:
नमस्कार मंडळी, आमची चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, पुढच्या महिन्यात खोल्या रिकाम्या करायच्यात. माळा उतरवताना माझ्या मोठ्या काकांची पत्र्याची ट्रंक निघाली. काका हॅम (हौशी रेडिओवाले) होते, जाऊन अकरा वर्षं झाली. ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला, साधारण बुटांच्या खोक्याएवढा एक सेट आहे, पाटीवर बीसी-४५९-ए आणि खाली सिग्नल कोर (अमेरिकन लष्कराचं संदेशवहन खातं) असं लिहिलंय, चार व्हॉल्व जागेवर आहेत, दोन मोठे आहेत त्यांच्या डोक्यावर टोप्या आहेत. मागे सात पिनांचा सॉकेट, पुढे ७ ते ९.१ असे आकडे असलेली डायल. पॉवर सप्लाय नाही, माइक नाही.
भंगारवाला किलोवर घेतो म्हणाला, मी त्याला हाकलला. माझं स्वतःचं लायसन्स दोन वर्षांपूर्वी झालंय, आतापर्यंत फक्त एसएसबी (बँडमध्ये कमी जागा घेणारी बोलायची पद्धत) केलंय. काका एएमवर (आवाजाने लहरीची उंची बदलणारी जुनी पद्धत) बोलायचे ते मला लहानपणचं आठवतं, रविवारी सकाळी अख्ख्या मजल्यावर त्यांचा आवाज जायचा. मला हा सेट ४० मीटरवर (७ मेगाहर्ट्झच्या हॅम पट्ट्यात) एएममध्ये परत बोलता करायचाय. नेटवर बघितलं तर लोक चासी कापतात, हीटरची (व्हॉल्व तापवणाऱ्या तारेची) वायरिंग बदलतात, पुढच्या पॅनलला भोकं पाडतात, ते बघून हात धजावेना. नक्की काय करू?

जुनाव्हॉल्व:
मंदार, पहिलं म्हणजे ड्रिल मशीन कपाटात ठेव आणि कपाटाला कुलूप लाव. मी हे कळकळीने सांगतोय, कारण सत्तरच्या दशकात माझ्या हातून असे दोन सेट कापले गेले आणि त्याची हळहळ अजून जात नाही. तेव्हा डिस्पोजलचा (लष्कराने विकायला काढलेला) माल ढिगाने मिळायचा, कोणाला वाटलं नाही की हे संपेल.
तुझ्याकडे आहे तो अमेरिकन विमानातला कमांड सेट (वैमानिकाने दुरून चालवायचा रेडिओ), एससीआर-२७४-एन मालिकेतला. त्यात १६२६ ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी तयार करणारा), दोन १६२५ फायनलला (शेवटी पॉवर वाढवायला) पॅरललमध्ये, आणि चौथा १६२९ म्हणजे मॅजिक आय (हिरवा चमकणारा दर्शक व्हॉल्व), तो आतल्या क्रिस्टलवर डायल जुळवायला. १६२५ म्हणजे आपला नेहमीचा ८०७ व्हॉल्वच, फक्त हीटर १२.६ व्होल्टचा आणि बूड सात पिनांचं. या मालिकेत ४५७ आणि ४५८ पण आहेत पण ते ४ ते ५.३ आणि ५.३ ते ७ मेगाहर्ट्झचे, ४० मीटर थेट मिळतो तो फक्त तुझ्या ४५९ला, तेव्हा काकांनी विचार करूनच घेतलेला दिसतो.
आता कापायची गरज का नाही ते सांगतो. लोक हीटर १२ व्होल्टवर आणायला वायरिंग तोडतात, कशाला? मुळात ती सिरीज-पॅरलल जोडलेली आहे विमानाच्या २८ व्होल्टसाठी, तू लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून २४ व्होल्टचा एक-दीड अँपिअरचा साधा ट्रान्सफॉर्मर आण, एसी दे, हीटर खुशाल पेटतील. फक्त रिले एसीवर खडखडेल, त्याला डीसी वेगळं दे. फायनलच्या व्हॉल्वची प्लेट आणि स्क्रीन, ऑसिलेटर, सगळ्यांचे सप्लाय त्या मागच्या सात पिनांतून वेगवेगळे जातात, म्हणजे सप्लाय आणि मॉड्युलेटर (आवाज लहरीवर चढवणारा भाग) दोन्ही बाहेरच्या डब्यात बांध आणि एक प्लग लाव. सेटला सोल्डरिंग गनसुद्धा लावायला नको.

कळव्याची_स्नेहल:
जुनाव्हॉल्व काकांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. मी मागच्या वर्षी हेच केलं म्हणून मॉड्युलेशनचं सांगते, कारण सगळे तिथेच अडकतात, मॉड्युलेशन ट्रान्सफॉर्मर आता कुठे मिळतच नाही.
हिशोब असा, प्लेटला ५०० व्होल्ट आणि दोघांचा मिळून १५० मिलिअँपिअर धरला तर इनपुट ७५ वॅट, पूर्ण मॉड्युलेशनला त्याच्या निम्मा ऑडिओ म्हणजे साधारण ३८ वॅट, आणि फायनलचा लोड ५०० भागिले ०.१५ म्हणजे ३३०० ओहम. मी मंडपवाल्याकडचा जुना ४० वॅटचा पीए अ‍ॅम्प्लिफायर घेतला ज्याला १०० व्होल्टची लाइन असते, ती पडते २५० ओहम. मग ऑडिओवाले वापरतात तो ३०-०-३०चा, दोन अँपिअरचा मेन्स ट्रान्सफॉर्मर उलटा लावायचा, ६० व्होल्टच्या बाजूला अ‍ॅम्प्लिफायर आणि २३० च्या बाजूने सेट. व्होल्टेज ३.८ पट चढतं, जवळपास बरोब्बर बसतं. पण प्लेटचा डीसी त्या ट्रान्सफॉर्मरमधून जाऊ द्यायचा नाही, कोअर सॅच्युरेट होतो आणि आवाज घोगरा येतो, म्हणून डीसी वेगळ्या चोकमधून (डीसी सोडणारी, ऑडिओ अडवणारी कॉइल) आणायचा आणि ऑडिओ २-४ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून चढवायचा, कपॅसिटर चांगला हजार-बाराशे व्होल्टचा घे. दोनशे हर्ट्झच्या खालचं सगळं आधीच कापून टाक. आणि स्क्रीनला पण त्याच मॉड्युलेटेड लाइनमधून रेझिस्टरने दे, नुसती प्लेट मॉड्युलेट केली तर टेट्रोड (१६२५ सारखा स्क्रीनवाला व्हॉल्व) नीट वर जात नाही.
कॅरियर (बोलत नसतानाची मूळ लहर) ४५-५० वॅट मिळेल, पण शिखराला त्याच्या चौपट होतं हे विसरू नकोस, फिल्टर आणि अँटेनाचा ट्यूनर त्या हिशोबाने घे, आणि तुझ्या ग्रेडची पॉवर मर्यादा बघून प्लेट व्होल्टेज ठरव. पहिले काही दिवस फक्त डमी लोडवर (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर).

मालाड_वेस्ट:
एक गोष्ट कोणी बोललं नाही, एफएमिंग. या सेटमध्ये ऑसिलेटर सरळ फायनलला चालवतो, मध्ये बफर (दोघांना वेगळा ठेवणारा टप्पा) नाही, त्यामुळे बोलताना फ्रिक्वेन्सी हलते. ऑसिलेटरचा सप्लाय दोन व्हीआर-१०५ (१०५ व्होल्ट स्थिर ठेवणारे व्हॉल्व) सिरीजमध्ये लावून २१० व्होल्टवर बांधून टाक, बराच फरक पडतो. तरी समाधान नाही झालं तर १६२६ काढून त्याच्या सॉकेटमध्ये बसणारा अ‍ॅडॉप्टर कर आणि बाहेरून ड्राइव्ह दे, नको वाटेल तेव्हा उपटून टाक, मूळ व्हॉल्व परत बसवला की सेट होता तसा.
आणि आपल्याकडचा त्रास म्हणजे ऐकणं. ४० मीटरचा डायपोल (तारेची ताणलेली अँटेना) २० मीटर लांब, तो सोसायटीने गच्चीवर लावू दिला तरी खाली लिफ्ट, एलईडी, चार्जर, एएमवर हे सगळं एसएसबीपेक्षा जास्त टोचतं, वर बँडविड्थ दुप्पट, म्हणून गर्दीच्या वेळी वापरू नकोस. मी पहाटे पाच-साडेपाचला बसतो.
अजून एक, तू गिरगावचा आहेस म्हणून लिहितो. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ (भारत छोडो चळवळीचं गुप्त केंद्र) याच भागातून जागा बदलत बदलत चालवला, १२ नोव्हेंबरला पकडले गेले. त्यांची लहर ४२.३४ मीटर, म्हणजे ७.०८ मेगाहर्ट्झ, तुझ्या डायलवर सातच्या आकड्याला जवळजवळ चिकटूनच. तिकडे काटा आणलास की मला सांग.

जुनाव्हॉल्व:
मालाडवाल्यांनी छान आठवण काढली, वाचून अंगावर काटा आला.
मंदार, पुढचं दोनदा वाच. ५०० व्होल्ट डीसी हात सोडत नाही. सप्लायला ब्लीडर (बंद केल्यावर साठलेला चार्ज जिरवणारा रेझिस्टर) लाव, कव्हर उघडायच्या आधी प्लग काढ, थांब, आणि लाकडी दांड्याच्या शॉर्टिंग वायरने प्रत्येक कपॅसिटर अर्थ कर, एक हात खिशात. पहिल्यांदा देताना शंभर वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घाल. तेल भरलेले सीलबंद कपॅसिटर गळत असतील तर उघडू नकोस, त्यातलं तेल विषारी असू शकतं. आणि काकांच्या सामानात अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचे मिलिटरी मीटर असतील तर काच काढू नकोस, तो रंग रेडियमचा, म्हणजे किरणोत्सारी असू शकतो.
आपल्या हवेत ७० वर्षं राहिलेला सेट आहे, आधी रोलर कॉइल आणि रिलेचे पॉइंट नुसत्या मऊ ब्रशने साफ कर, पॉलिश पेपर नको.

गिरगावचा_मंदार:
सगळ्यांचे मनापासून आभार, प्रिंट काढून ठेवतोय. ड्रिल मशीन मावसभावाला देऊन टाकलं.
आज ट्रंक तळापर्यंत उपसली, खाली एक खाकी कापडाची पिशवी निघाली, तिच्यात सात पिनांचा प्लग, केबलसकट, आणि एका डबीत दोन जादा १६२५. आणि एक वही, पहिल्या पानावर काकांच्या अक्षरात सर्किट, त्यात मागच्या पिनांना रंगीत पेन्सिलने सप्लाय दाखवलेत, आणि बाजूला तीनदा अधोरेखित केलेलं, "पेटी उघडायची नाही, सगळं बाहेरून". काकूला दाखवली तर ती वही हातात घेऊन बराच वेळ बसली, मग म्हणाली नवीन घरात पहिल्यांदा हेच टेबल लावायचं.
स्नेहलताई, चोक किती हेन्रीचा वापरला होतात? शनिवारी लॅमिंग्टन रोडला जातोय.

कळव्याची_स्नेहल:
१५ हेन्री, २०० मिलिअँपिअरचा, गुंडाळून घ्यावा लागला. माझ्याकडे त्याच मापाचा अजून एक पडून आहे, शनिवारी ग्रँट रोड स्टेशनला घेऊन येते, अकरा वाजता, पश्चिमेला.