सक्तीचं भूसंपादन, अधिग्रहण, पथकर, टोल: कुठे कोणता शब्द?

ओवरी:
अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये २००२ साली गव्हर्नर रिक पेरी यांनी ‘ट्रान्स-टेक्सास कॉरिडॉर’ नावाची योजना मांडली होती. सुमारे चार हजार मैलांचं जाळं, पट्ट्याची रुंदी १२०० फुटांपर्यंत, त्यात टोलचे रस्ते, रेल्वे, पाइपलाइनी सगळं शेजारी शेजारी. शेतकरी, पशुपालक आणि दोन्ही पक्षांतले लोक विरोधात गेले आणि योजना बारगळली. त्यावरचा एक लेख मराठीत करते आहे. गाडी अडली आहे ‘एमिनन्ट डोमेन’पाशी, म्हणजे सरकारच्या सक्तीनं जमीन घेण्याच्या अधिकारापाशी. ‘सर्वोपरी अधिकार’ हा शब्द सुचतो, पण तो वाचून कुणाच्या डोळ्यापुढे जमीन येईल असं वाटत नाही. शिवाय जमीन ‘संपादन’ करतात की ‘अधिग्रहण’? आणि टोलला ‘पथकर’ म्हणावं का? जाणकारांनी मदत करावी.

पोटखराबा:
ताई, भूसंपादन शाखेत नोकरी झाली, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. मराठीत जमिनीचं संपादनच. अधिग्रहण वेगळं. उन्हाळ्यात टंचाई लागली की तहसीलदार खासगी विहीर अधिग्रहित करतात, निवडणुकीला जीपगाड्या अधिग्रहित होतात. विहीर पाऊस पडला की मालकाकडे परत, जीप मतपेट्या पोचवून परत. अधिग्रहणात मालकी मूळ माणसाचीच राहते, वापर तेवढा सरकारकडे. संपादनात मालकीच जाते, परतीची वाट नाही. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीतली ४२ वी नोंद या दोन्ही गोष्टींची आहे, आणि दोन्ही एकच असत्या तर दोन शब्द वापरले नसते.

हिंदी वाहिन्यांवर ‘भूमि अधिग्रहण’ ऐकून ऐकून आपल्याकडच्या बातम्यांतही ते शिरलं आहे. गंमत म्हणजे हिंदीतल्या कायद्याच्या नावातही अधिग्रहण नाही, ‘अर्जन’ आहे.

रंकाळा:
संपादन म्हटलं की मला वर्तमानपत्राचा संपादकच आठवतो. लाल पेन घेऊन आला आणि माझ्या उसातला निम्मा परिच्छेद काटला!

पोटखराबा:
हसू नका, तसंच होतं. पण धातू एकच आहे. ज्ञान संपादन करणं, विश्वास संपादन करणं, म्हणजे मिळवणं. सरकारच्या बाजूनं बघितलं तर जमीन ‘मिळाली’. ज्याची होती तो हा शब्द तोंडात घेत नाही. नोटिशीच्या तक्त्यात गट नंबर, एकूण क्षेत्र, संपादनाखालील क्षेत्र ०.३४ हे. आर, असं छापलेलं असतं. तोच कागद हातात घेऊन माणूस शेजाऱ्याला सांगतो, ‘चौतीस गुंठं हायवेत गेलं.’ ‘घेतलं’ असंसुद्धा म्हणत नाही बहुतेक वेळा. धरणात गेलं, कॅनॉलात गेलं, रस्त्यात गेलं. तुमच्या लेखात टेक्सासचा शेतकरी बोलत असेल तिथे ‘माझी जमीन संपादित होणार’ असं त्याच्या तोंडी घालू नका. ‘जमीन जाणार’ म्हणू द्या त्याला.

समृद्धी महामार्गात याला आणखी एक पदर आला. ७०१ किलोमीटरचा रस्ता, आधी लँड पूलिंगची, म्हणजे जमिनी एकत्र करून विकसित केलेला काही भाग मालकाला परत देण्याची योजना होती, विरोध झाला, मग थेट खरेदी सुरू झाली. खरेदीखत करून देणारा म्हणतो ‘जमीन दिली’. सही न करणाऱ्याची सक्तीनं घेतली, तो म्हणतो ‘गेली’. एकाच बांधाच्या अलीकडे पलीकडे ही दोन क्रियापदं मी ऐकली आहेत. भाव विचारला की पहिला गप्प, दुसरा गरम.

कज्जेदलाल:
आता पहिला प्रश्न. ‘एमिनन्ट डोमेन’ मूळ लॅटिन. ह्यूगो ग्रोशियसनं १६२५ मध्ये युद्ध आणि शांततेच्या कायद्यावरच्या ग्रंथात ही कल्पना मांडली: प्रजेच्या मालकीवर राज्याची एक वरचढ मालकी असते, गरज पडली तर ती वापरता येते, मात्र नुकसान भरून द्यावं लागतं. ‘सर्वोपरी’ या अर्थाला धरून आहे, चुकीचं नाही. तरी माझं मत असं की पहिल्यांदा येईल तिथे ‘सार्वजनिक कामासाठी सक्तीनं जमीन घेण्याचा सरकारचा अधिकार’ असं लांबलचक लिहा, पुढे ‘सक्तीचं भूसंपादन’ पुरे. तत्त्वाची चर्चा असेल तिथेच ‘सर्वोपरी अधिकार’.

दोन ठिकाणी मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. अमेरिकन कायद्यात जमीन घेण्याच्या दाव्याला ‘कंडेम्नेशन’ म्हणतात. त्याचा निंदा, निषेध, धिक्काराशी संबंध नाही. सरळ ‘संपादनाची कारवाई’ लिहा.

दुसरी जागा जास्त नाजूक. त्यांच्या पाचव्या घटनादुरुस्तीत (१७९१) ‘सार्वजनिक वापर’ असे शब्द आहेत. आपल्याकडे १८९४ च्या आणि २०१३ च्या, दोन्ही भूसंपादन कायद्यांत ‘सार्वजनिक प्रयोजन’ आहे. वापर म्हणजे लोक प्रत्यक्ष वापरतील असा रस्ता, शाळा. प्रयोजन म्हणजे लोकांच्या भल्याचं काहीही, रोजगार वाढणंसुद्धा. २००५ मध्ये कनेटिकट राज्यातल्या न्यू लंडन शहराच्या केलो खटल्यात भांडण नेमकं यावर होतं. शहराच्या आर्थिक विकासासाठी लोकांची घरं घेऊन खासगी विकासकाला जागा देणं हा ‘वापर’ होतो का? त्यांच्या सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ‘होतो’ म्हटलं, आणि देशभर लोक खवळले. टेक्सासमधल्या विरोधालाही त्याचा वारा लागला. म्हणून दोन्हीकडे ‘सार्वजनिक हित’ असं गुळमुळीत लिहिलंत तर भांडणच गायब होईल.

ओवरी:
हे फार कामाचं. लेखात ‘जस्ट कॉम्पेन्सेशन’ आहे. मोबदला की भरपाई?

कज्जेदलाल:
उचित भरपाई. मोबदला हा अदलाबदलीचा शब्द, त्यात दोघांची मर्जी गृहीत असते. भरपाई नुकसानीची. २०१३ च्या कायद्याच्या नावातही भरपाईच आहे.

पोटखराबा:
वकीलसाहेब, कागदावर ठीक. लोक मात्र ‘वाढीव मोबदला’ मागायलाच कोर्टात जातात. ‘वाढीव भरपाई’ मागणारा पक्षकार मी पाहिला नाही. आंदोलनाच्या फलकावर मोबदला, न्यायालयाच्या परिच्छेदात भरपाई, असं दोन्ही ठेवायला हरकत नसावी.

आणि ‘सोलेशियम’, म्हणजे जमीन सक्तीनं घेतल्याबद्दल वर मिळणारी रक्कम, आली तर तिला ‘दिलासा रक्कम’ म्हणतात. जुन्या कायद्यात ती शेवटी शेवटी बाजारभावाच्या ३० टक्के होती, २०१३ च्या कायद्यात भरपाईच्या १०० टक्के. तिजोरीतून मोजून दिलेला दिलासा! असा शब्द ज्यानं घडवला त्याला एकदा भेटायचं होतं.

हरकतीवरून आठवलं. रोजच्या बोलण्यात ‘हरकत नाही’ म्हणजे चालेल. कचेरीत ‘हरकत’ म्हणजे लेखी विरोध. राष्ट्रीय महामार्गाच्या १९५६ च्या कायद्यात ३अ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा कळवणारी अधिसूचना निघाली की २१ दिवसांत हरकत द्यायची. गावात पोरं ‘थ्री ए निघालं, थ्री डी झालं’ असंच बोलतात. थ्री डी (३ड, संपादनाची घोषणा) झालं की जमीन केंद्र सरकारकडे ‘निहित’. निहितचा अर्थ विचारायला लोक माझ्या टेबलाशी यायचे. मी सांगायचो, सातबारा काढाल तेव्हा नाव बदललेलं दिसेल. एवढ्यात कळायचं.

रंकाळा:
आता टोलचं माझ्यावर सोडा, हा आमचा प्रांत. पथकर शब्द चांगला आहे, सरकारी फलकावर ‘पथकर नाका’ असतोही, पण कोल्हापुरात ‘पथकर देणार नाही’ अशी घोषणा दिली असती तर लोक एकमेकांकडे बघत बसले असते. ‘टोल देणार नाही’ यात दम आहे. खासगीकरणातून शहरातले पन्नासेक किलोमीटर रस्ते केले आणि शहराच्या वेशींवर नाके बसवले. घरातून निघून घरी यायचं तरी टोल! प्रा. एन. डी. पाटील त्या वयात रस्त्यावर उतरले, गोविंद पानसरे होते, सगळे पक्ष कृती समितीत. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. डिसेंबर २०१५ मध्ये टोल गेला.

(बघा, इथेही ‘गेला’च आलं. पण या जाण्याला आम्ही साखर वाटली.)

त्या रस्त्यांच्या पद्धतीला सरकारी मराठीत ‘बांधा, वापरा आणि हस्तांतरित करा’ म्हणतात. बांधणार कंपनी, हस्तांतरित करणार कंपनी, मधलं ‘वापरा’ कुणाला उद्देशून होतं ते आम्हाला पावती फाडल्यावर कळलं.

मराठीनं या शब्दाला आपला करून टाकलंय, ताई. वर्तमानपत्रांनी ‘टोलधाड’ केलं. टोळधाड पिकावर पडते तशी ही खिशावर. विचारलं की हे खातं त्या खात्याकडे टोलवतं, ती टोलवाटोलवी. मनसेनं नाके फोडले तेव्हा ‘खळ्ळ् खट्याक’ आलं. पथकराला यातलं काय जमणार आहे? पथकरधाड?

ओवरी:
टोलधाड टेक्सासला नेता येईल का हा प्रश्नच आहे, पण मोह होतो. ‘टोल चुकवला’ चालेल का, भरला या अर्थी?

रंकाळा:
अजिबात नको! चुकवला म्हणजे बाजूच्या कच्च्या रस्त्यानं गाडी काढली. भरला, दिला, मोजला. हिंदीतलं ‘चुकाना’ डोक्यात असेल तुमच्या. आपल्याकडे पैसे ‘चुकते करतात’. ‘चुकवणं’ म्हणजे हुलकावणी.

कज्जेदलाल:
कर आणि शुल्क यांत फरक आहे, तो टेक्सासच्या लेखात लागेल. कर दिला म्हणून अमुक सेवा मागता येत नाही. शुल्क सेवेपोटी. आपल्या राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या नियमांत टोल हा शुल्काच्याच नावानं आहे. विरोधकांचा युक्तिवाद तिथेही आणि इथेही सारखा: इंधनावर कर भरतो, मग रस्त्याचे पैसे दुसऱ्यांदा का? हे ‘दुहेरी कर’ म्हणून मांडतात. तुम्ही आधीच्या वाक्यात ‘पथशुल्क’ लिहिलंत तर विरोधकाच्या तोंडचा कर निसटेल. टोल लिहा, दोन्ही बाजूंना सोयीचा आहे.

आणखी एक. माफी आणि मुक्ती एक करू नका. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना पास घेऊन मिळते ती टोलमाफी. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना सूट मिळाली तेव्हा कुणी ‘टोलमुक्त मुंबई’ म्हणत होतं. ट्रकवाल्यांना विचारा. नाका उभा आहे, कुणीतरी भरतंय, तोवर ती माफीच.

ओवरी:
शेवटचा तुकडा. टेक्सासच्या विधिमंडळानं २००७ मध्ये खासगी कंपन्यांशी होणाऱ्या बहुतेक टोलकरारांवर दोन वर्षांची बंदी घातली. २००९ च्या जानेवारीत परिवहन खात्यानं कॉरिडॉरची कल्पना सोडल्याचं जाहीर केलं. २०११ मध्ये कायद्यातूनही ती काढून टाकली. तिन्हींना ‘रद्द’ म्हटलं तर?

पोटखराबा:
नको. पहिली स्थगिती. दुसऱ्याला ‘योजना गुंडाळली’ म्हणा, पाहिजे तर ‘मागे घेतली’. खरं ‘रद्द’ तिसरं. यात ‘व्यपगत’ नावाचा चौथा प्रकार असतो, म्हणजे मुदत टळून आपोआप बाद होणं. ३अ नंतर वर्षभरात ३ड निघालं नाही तर अधिसूचना व्यपगत होते. तुमच्या लेखात तो दिसत नाही.

रंकाळा:
हा फरक आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगेल. शक्तिपीठ महामार्ग, पवनार ते पत्रादेवी, २०२४ च्या आखणीत ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे. ‘एकच जिद्द, शक्तिपीठ रद्द’ म्हणत मोर्चे निघाले. २०२४ च्या विधानसभेआधी कोल्हापूरपुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली, लोक म्हणाले जिंकलो. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळानं त्याच महामार्गाच्या भूसंपादनासाठी आणि आखणीसाठी २०,७८७ कोटींना मान्यता दिली. रद्द झाला होता तो कागद, रस्ता नव्हे. १ जुलैला पुन्हा पंचगंगा पुलावर रास्ता रोको. तेव्हा ताई, ‘रद्द’ लिहिताना काय रद्द झालं ते शेजारी लिहाच: अधिसूचना, करार, की प्रकल्प.

ओवरी:
मग असं करते: करारांना स्थगिती, योजना गुंडाळली, कायद्यातली तरतूद रद्द. ‘सर्वोपरी अधिकार’ फक्त ग्रोशियसच्या परिच्छेदात. पशुपालकाच्या तोंडी ‘जमीन जाणार’. टोलधाड मथळ्यात घालायची की नाही ते संपादकांवर सोडते.

रंकाळा:
बघा, आला संपादक!