प्रति: टॅब दिले की शुगर कंट्रोल?
दवाखान्यात टॅब (टॅबलेट कॉम्प्युटर) आणि ॲप आलं की शुगर आपोआप कंट्रोलमध्ये येईल असं म्हणणाऱ्या पोस्टला हे उत्तर, ते मला नाही पटत. हरियाणा-कर्नाटकातल्या ४० सामुदायिक आरोग्य केंद्रांत एमवेलकेअर नावाचा प्रयोग झालाय, निष्कर्ष २०१९ मध्ये आले. काही केंद्रांत नर्सने बीपी, शुगर टॅबमध्ये भरायचं, सॉफ्टवेअर औषध सुचवणार, निर्णय डॉक्टरांचा, शिवाय पेशंटला आठवणीचे मेसेज. वर्षभराने बघितलं तर सुधारणा दोन्ही गटांत, पण टॅबवाले आणि बिनटॅबवाले यांच्यात बीपी आणि एचबीए१सीमध्ये (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी रक्ततपासणी) म्हणावा असा फरकच नाही! आता बिनटॅबच्या केंद्रांतही नर्स होत्या आणि ट्रेनिंग दिलेलं होतं, मला वाटतं खरं काम तिथेच झालं.

आईच्या गावी बघतो ना, आशाताई घरी येऊन गोळ्यांची पाकिटं बाहेर काढायला लावतात, किती उरल्यात ते मोजतात, जेवणाआधीची कुठली ते पुन्हा दाखवतात, आईने गोळ्या चुकवलेल्या त्यांनाच कळतात. मग उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम मागची शुगर स्क्रीनवर बघून लगेच वरच्या डॉक्टरांशी बोलतात, तिथे मात्र ॲपचा उपयोग नक्कीच होतो.