पहिल्यांदाच सर्व्हायव्हल हॉरर (जीव वाचवत फिरायचे भीतीचे गेम) खेळतोय, अर्ध्या तासात बंद करतो, माझं काही चुकतंय का?

घोडबंदर_रात्रपाळी:
नमस्कार मंडळी, आजवर मी फिफा, जीटीए आणि क्रिकेट एवढंच खेळलेला माणूस. गेल्या महिन्यात सेलमध्ये रेसिडेंट ईव्हिल २ चा २०१९ वाला रीमेक स्वस्तात दिसला म्हणून घेतला, म्हटलं झोंबीच आहेत ना, मारू धडाधड. राहायला कासारवडवलीला, वन बीएचके, आई आत झोपते आणि मी हॉलमध्ये अकरानंतर बसतो कारण त्याआधी टीव्ही मालिकांच्या ताब्यात असतो.

तर पहिला झटका पेट्रोल पंपावरच बसला. झोंबीच्या डोक्यात चार गोळ्या घातल्या, पडला, मी त्याच्या बाजूने निघालो तर साहेबांनी माझा पाय धरला. जीटीएमध्ये मेलेला माणूस मेलेलाच असतो हो! मग पोलिस स्टेशनात आलो. आपला हिरो लिऑन बिचारा, पोलिसातल्या नोकरीचा पहिला दिवस, आणि अख्खं ऑफिस खायला उठलंय. स्टेशन पूर्वी म्युझियम होतं म्हणे, त्यामुळे पुतळ्यात मेडल बसवल्याशिवाय दार उघडत नाही, एका चावीसाठी तीन मजले चढउतार. तेवढं एक ओळखीचं वाटलं, सरकारी कामाला असंच या टेबलावरून त्या टेबलावर फिरलोय मी.

पण खरी गोची गोळ्यांची आहे. सामान ठेवायला सुरुवातीला फक्त आठ खण, त्यात पिस्तूल, गोळ्या, औषधाची पानं, चावी, अजून एक चावी, संपलं. एका खोलीच्या दारात मी खरंच दहा मिनिटं उभा होतो, नऊ गोळ्या, आत दोन झोंबी, प्रत्येकाला चार-पाच लागणार, मग पुढच्या कॉरिडॉरला काय, आणि आत नुसतीच एक हिरवी पानाची कुंडी निघाली तर? महिन्याच्या सव्वीस तारखेला एटीएमसमोर उभं राहून जो हिशेब करतो ना, अगदी तोच. भीती वाटते ती झोंबीची कमी आणि हिशेब चुकल्याची जास्त, असं काहीतरी होतंय माझं.

आणि आता तो हॅटवाला मिस्टर एक्स आलाय. जळलेलं हेलिकॉप्टर एका हाताने बाजूला सारून. तो मरत नाही म्हणे. त्याच्या बुटांचा आवाज येत राहतो, ठप्प, ठप्प, ठप्प, हेडफोनमध्ये वर की खाली, डावीकडे की उजवीकडे तेसुद्धा कळतं. परवा रात्री एक वाजता मी घाबरून गेम पॉज केला, तर आवाज चालूच! पॉजमध्ये! हेडफोन काढला तरी चालू!! मग कळलं, आमच्या वरच्या मजल्यावरून येतोय. आता गेममधला कुठला आणि बिल्डिंगमधला कुठला काही समजत नाही, मी कपाटाकडे बघत बसतो.

तर विचारायचं असं की सगळ्यांनाच असं होतं का, डिफिकल्टी कमी केली तर लाज वाटण्यासारखं आहे का, आणि ही भीती पुढे जाते की वाढते?

कळव्याचा_डब्बा:
असिस्टेड लाव, म्हणजे सगळ्यात सोपी डिफिकल्टी. नेम आपोआप लागतो, हेल्थ थोडी थोडी भरते. तुझ्या हॉलमध्ये बघायला कोण येतंय?

नौपाडा_९९:
अरे भावा, तुझी पोस्ट वाचून मी वीस-पंचवीस वर्षं मागे गेलो. आमच्याकडे नौपाड्यात एका गल्लीत गेम पार्लर होतं, पत्र्याचा गाळा, तीन टीव्ही, तासावर पैसे. ओरिजिनल रेसिडेंट ईव्हिल २, १९९८ चा, मी तिथे खेळलोय, घरी प्लेस्टेशन घेऊन द्यायची वडिलांची अजिबात इच्छा नव्हती. त्यात तुमच्यासारखा कॅमेरा खांद्यामागे नाही, खोलीच्या कोपऱ्यात टांगलेला. म्हणजे कॉरिडॉरच्या वळणापलीकडे काय आहे ते दिसणारच नाही, फक्त घशातला आवाज ऐकू येणार आणि तू चालत चालत त्याच्या तोंडात. आणि प्रत्येक दाराला ते दार उघडतानाचं काळं चित्र, कर्रर्र. ते खरं तर पुढची खोली डिस्कवरून लोड व्हावी म्हणून केलेलं, पण आमची तेवढ्यात फाटायची. मर्यादा झाकायला केलेली गोष्टच घाबरवून गेली. सायलेंट हिल (१९९९) मधलं धुकं पण तसंच, जुन्या प्लेस्टेशनला लांबचं दाखवायला झेपायचं नाही म्हणून धुकं, आणि राक्षस जवळ आला की खिशातला रेडिओ खरखरायला लागणार. जुलैत येऊरच्या डोंगरात सकाळी सहाला गेलास तर कळेल मी काय म्हणतोय ते, फक्त रेडिओ नेऊ नकोस.

हिशेबाचं म्हणशील तर बरोबर पकडलंस. १९९६ ला पहिला रेसिडेंट ईव्हिल आला (जपानात बायोहॅझर्ड) तेव्हापासून हा प्रकार हिशेबावरच चालतो. आम्हाला तर सेव्ह करायलाही टाइपरायटरची रिबन लागायची, एक सेव्ह एक रिबन, संपल्या की संपल्या, वर ती एक खण अडवणार. तुला स्टँडर्ड डिफिकल्टीत हवं तितक्या वेळा फुकट सेव्ह आहे, रिबन फक्त सगळ्यात अवघड हार्डकोअरला. त्यामुळे रडू नकोस.

आता माझी खरी हॉरर स्टोरी. पार्लरमध्ये मेमरी कार्ड एकच, सगळ्यांत मिळून. मी तीन रविवार घालवून गटारांपर्यंत पोचलेलो, चौथ्या रविवारी गेलो तर माझ्या सेव्हवर कोणीतरी रेसलिंगचा सेव्ह मारलेला. मालकाला म्हटलं काका हे काय, तर म्हणाला "अरे पुन्हा खेळ ना, तुला काय, रस्ता पाठ आहे." आजवर कुठल्या झोंबीने मला एवढं दुखावलेलं नाही.

सीवूड्सची_भजी:
घोडबंदर भाऊ, मी पण लेकीला झोपवून खेळते, नवरा म्हणतो तू बघतेस स्क्रीनकडे आणि दात माझा करकरतो. तुमचं चुकत काही नाहीये, फक्त तुम्ही प्रत्येकाला मारायला बघताय. नका मारू. हा गेम गोळ्या वाचवणाऱ्याचा आहे. ज्या कॉरिडॉरमधून परत परत जायचंय तिथले साफ करा, बाकीच्यांच्या गुडघ्यावर एक-दोन घाला, पडला की लांबून वळसा मारा आणि पळा. डोक्यात कधी तीन लागतात कधी सात, त्यावर भरवसा ठेवून बजेट करू नका.

स्टेशनातल्या जखमी पोलिसाने, मार्विनने, दिलेली सुरी कायम जवळ ठेवा, कोणी मानेला धरलं तर ती खुपसून सुटता येतं. फक्त ती झिजते, जपून. लाकडी फळ्या मिळतात त्या खिडक्यांना ठोका, लगेच, उद्या ठोकू म्हणून सामानाच्या बॉक्समध्ये ठेवल्यात तर तेवढ्यात दोघं आत उडी मारून आलेले असतात. हे मी स्वतः केलंय. आणि नकाशा बघत जा: खोली लाल म्हणजे अजून काहीतरी उचलायचं बाकी आहे, निळी म्हणजे झालं. मला हे अर्धा गेम संपल्यावर कळलं, तोवर रिकाम्या खोल्यांत झाडू मारल्यासारखी फिरत होते.

ते साल सोललेलं, भिंतीवरून सरपटणारं आहे ना, लिकर, ते आंधळं आहे. त्याला फक्त आवाज कळतो. कंट्रोलरची स्टिक अगदी हलकी ढकलून चालत जायचं, पळायचं नाही, त्याच्या अंगाला लागायचं नाही. पहिल्यांदा मी त्याच्या खालून गेले तेव्हा खऱ्या आयुष्यातला श्वास पण रोखून धरला होता, आणि तेवढ्यात कन्येने आतून "आईऽऽ पाणी" केलं. कंट्रोलर सोफ्याखाली.

मिस्टर एक्सला पण पळण्याचा आणि गोळीबाराचा आवाज जातो. खूप गोळ्या घातल्या तर गुडघ्यावर बसतो थोडा वेळ, पण परत उठतो, म्हणजे पैसे वाया. पश्चिमेकडच्या जिन्याखाली फोटो धुवायची डार्करूम आहे, तिथे तो येत नाही. मेन हॉलमध्ये टाइपरायटर आहे म्हणून सुरक्षित समजू नका, तिथे येतो!!

वाशी_पाव:
सॉरी पण रीमेकला इतकं काय घाबरायचं? हातात बंदूक आहे म्हणजे भीती अर्धी झाली. एलियन आयसोलेशन (२०१४) खेळा, मग बोलू. एकच एलियन, त्याला मारता येतच नाही, ठरलेल्या रस्त्याने फिरत नाही, तुम्ही लॉकरमध्ये श्वास धरून बसायचं आणि तो बाहेर वास घेत उभा. सेव्ह करायला भिंतीवरच्या मशीनमध्ये कार्ड घालून दिवे लागेपर्यंत थांबायचं, ते दोन-तीन सेकंद म्हणजे लोकलच्या दारात बॅग अडकते ना तसे जातात.

त्यात एक सेटिंग आहे, प्लेस्टेशनचा कॅमेरा लावला की तुमच्या खोलीतला आवाज एलियनला ऐकू जातो. मी शहाणपणा करून चालू केलं. सकाळी साडेसात, मी टेबलाखाली लपलेलो (गेममध्ये), बायको स्वयंपाकघरात. कुकरची पहिली शिट्टी झाली. एलियन वळला. मी हाताने "गॅस बंद कर गॅस बंद कर" खुणा करतोय, ती विचारतेय "काय झालं, पोहे हवेत का?" मोठ्याने. गेलो.

सीवूड्सची_भजी:
@वाशी_पाव मग पोहे मिळाले का?

वाशी_पाव:
मिळाले. वरणभाताबरोबर ऐकून पण घेतलं.

ऐरोलीची_आत्या:
माझा भाचा तेरा वर्षांचा आहे, सुट्टीत येतो तेव्हा हाच गेम मागतो. चालेल का?

नौपाडा_९९:
नाही हो ताई, १८ च्या वरचा आहे, जबडा फाटलेला वगैरे सगळं जवळून दाखवतात. (पार्लरमध्ये आम्हाला कोणी वय विचारलं नव्हतं हा भाग वेगळा.)

घोडबंदर_रात्रपाळी:
सगळ्यांचे आभार, आणि उशिरा उत्तर देतोय त्याबद्दल सॉरी, मध्ये दोन दिवस पाऊस आणि लाईटचा लपंडाव. शनिवारी डार्करूमच्या दारापाशी पोचलो, हात हँडलवर, मागे ठप्प ठप्प, आणि लाईट गेली. सगळ्या घोडबंदरची. अंधारात मी, खिडकीबाहेर पाऊस, आणि वरून ठप्प... ठप्प... चालूच. त्या क्षणी मी तुम्हाला सांगतो मी आईला उठवायला गेलो होतो. पस्तिशीचा माणूस.

भजीताईंचं ऐकून पळायला लागलोय, आता खिशात चक्क बत्तीस गोळ्या आहेत, एवढी सेव्हिंग माझी बँकेत नाही. असिस्टेड केलं नाही, अजून तरी. कमरेची पिशवी मिळाली, दोन खण वाढले, तर इतका आनंद झाला की आईला सांगावंसं वाटलं.

आता वरच्या आवाजाचं. रविवारी लिफ्टमध्ये वरचे काका भेटले, हातात वॉकर. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, रात्री झोप लागत नाही, पाय आखडतो, म्हणून एक-दीडला उठून हॉलमध्ये फेऱ्या मारतात. मी म्हटलं हो का काका, काळजी घ्या. तर ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "तुझं बरं आहे ना रे? मध्यरात्री खालून किंकाळी ऐकू येते, मी आपला जागच्या जागी उभा राहतो, म्हणतो आवाज नको करायला." म्हणजे इतके दिवस मी त्यांचे बूट ऐकून थांबत होतो आणि ते माझं ओरडणं ऐकून थांबत होते.

असो. गटारात उतरलोय. कमरेएवढ्या घाण पाण्यात अंगावर डोळे उगवलेलं काहीतरी अवाढव्य धिप्पाड उभं राहतंय. याला मारायचं की पळायचं?

नौपाडा_९९:
पळ. पुढे फ्लेमथ्रोअर मिळेल, तो त्यांच्यासाठी ठेव. आणि सेव्ह कर आधी, माझी शपथ.