मज्जारज्जूला मार लागून चार महिने : मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ मे महिन्यात आंबे काढताना झाडावरून पडला. छातीचा दहावा मणका मोडला, मज्जारज्जू चेपला. ऑपरेशन झालं. कागदावर 'एशिया सी' लिहिलंय, म्हणजे इजा अर्धवट. उजव्या पायाचा अंगठा हलतो, डावा ढिम्म. रात्री पाय असे झटकतात की गोधडी खाली पडते. आई म्हणते, "बघ, जीव येतोय पायात." मी गप्प बसतो.

नसेतला तंतू तुटला की तुटल्या जागेपुढचा भाग झडतो, हे वॉलर या शास्त्रज्ञाने 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नसांवर दाखवलं होतं. हातापायातली नस नंतर रोज साधारण 1 मिलिमीटर वाढते. मज्जारज्जूत मात्र झडलेल्या मायलिनचा (तंतूवरच्या वेष्टनाचा) कचरा महिनोन्‌महिने तसाच राहतो, वर व्रण आडवा येतो. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताई म्हणतात, वाचलेले तंतूच नवे फाटे फोडून काम उचलतात, म्हणून व्यायाम सोडू नका.

झटक्यांसाठी बॅक्लोफेन हे स्नायू सैल करणारं औषध चालू आहे. डोस वाढवला की झटके थांबतात, पण पाय इतके सैल पडतात की कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) लावूनही उभं राहता येत नाही. कुणी यातून मार्ग काढलाय का? डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

दुसरं, एक जण स्टेम सेल (मूलपेशी) उपचाराचे तीन लाख मागतोय. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या नियमांनुसार हे फक्त संशोधनासाठीच्या चाचणीतच करता येतं, आणि चाचणीत पैसे कसले? पण घरचे ऐकत नाहीत. मुंबईत हाजी अलीच्या पुनर्वसन केंद्रात कुणी राहून उपचार घेतलेत का? सोबत्याची सोय होते का तिथे?