पावसाळ्यातले जलरंग आणि चिऊचं घर

‘पावसाळ्यात मुंबईत जलरंगांच्या वाटेला जाऊच नये, वॉश (पाणी घालून पातळ केलेल्या रंगाचा हात) वाळतच नाही’ असं कुणीतरी लिहिलेलं वाचलं. निम्मं पटलं. वाळत नाही हे खरंच. भांडुपच्या आमच्या घरात जुलैमध्ये 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड कागदही तासभर दमट राहतो. पण गोष्टींच्या चित्रांना मला तोच दमटपणा फळला. भाचीसाठी चिऊ-काऊची गोष्ट काढत होते. चिऊचं मेणाचं घर खरोखर मेणानंच काढलं, लाइट गेल्यावर लावतो त्या पांढऱ्या मेणबत्तीनं, आणि काऊचं शेणाचं घर बर्न्ट अंबर या गडद तपकिरी रंगानं. मग कागद उभा धरून वरून ब्रशनं साधं पाणी सोडलं. रंग अजून ओलाच, त्यामुळे काऊचं घर ओघळत खाली, चिऊच्या घरावर नुसते थेंब! भाचीनं लगेच काऊचं दुसरं घर काढायला लावलं, पुन्हा वाहून न्यायला.

रंग मात्र अंबरसारखा मातकटच घ्या. फ्थॅलो ब्लू हा गडद निळा कागदात असा मुरतो की हलत नाही. पेन्सिलीचं म्हणाल तर वॉशखाली गेलेली रेघ नंतर नीट खोडता येत नाही, म्हणून आधी अगदी पुसट काढायची. आणि पावसाच्या धारांसाठी ओल्या वॉशवरच 4एच (कडक शिशाची) पेन्सिल जरा दाबून ओढा. कागदाला चर पडतो, त्यात रंग साचतो आणि रेघ गडद उठते. स्वस्तातला पातळ कागद असेल तर फाटतो, माझे दोन गेले.