‘त्याच्याकडे क्युअर आहे’ याला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: आयर्लंडच्या गावठी उपचारांवर लिहितोय. तिथे खेड्यापाड्यात ‘अमक्याकडे क्युअर आहे’ असं सर्रास म्हणतात. नायटा, चामखीळ, डांग्या खोकला अशा एखाद्याच दुखण्यावर चालणारी ही शक्ती. कुणाच्या घराण्यातच असते, सातव्या मुलाच्या सातव्या मुलाला जन्मतः लाभते. माहेरचं आणि सासरचं आडनाव एकच असलेल्या बाईकडेही असते म्हणे. ‘तोडगा’ चालेल?

– नको. तोडगा करायचा असतो, तो माणसाच्या अंगी नसतो. गोगलगाय चामखिळीवर घासून काट्याला टोचायची, ती वाळत जाईल तशी चामखीळ झडते, हा त्यांच्याकडचा तोडगा, कुणीही करावा. शिवाय वर्तमानपत्रांनी हा शब्द संप आणि जागावाटपाला देऊन टाकलाय.

– ‘उतारा’? तिथे खाजरं नेटल झुडूप अंगाला लागलं की त्यावर डॉक नावाच्या रानझाडाचं पान चोळतात, तसा.

– पानाला उतारा शोभतो, माणसाला नाही. आपल्याकडे ‘त्यांच्याकडे काविळीचं औषध आहे’ म्हणतात ना, अगदी त्याच चालीचं वाक्य आहे हे. तेही घराण्यात चालत आलेलं, गुपित राखलेलं.

– पण औषध म्हटलं की मुळी-पाला आलाच. समुद्रशेवाळ दुधात उकळून खोकल्यावर देतात, त्याला औषध म्हणा. सातवा मुलगा मात्र नुसता हात ठेवतो. पैसे घेत नाही, आणि पुष्कळ ठिकाणी त्याचे आभारही मानायचे नसतात. म्हणून ‘हाताला गुण असणे’. जन्माने येणारी शक्ती आपल्यालाही नवी नाही. उसण भरली की पायाळू माणसाची लाथ खायला जातातच की. 1937 ते 1939 मध्ये आयरिश शाळकरी मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून अशा शेकडो गोष्टी वह्यांत उतरवल्या. त्या भाषांतरात आणायच्या तर शब्द बोलीतलाच हवा. ‘उपचारक्षमता’ वगैरे कृपया नको.

– उत्तर आयर्लंडमधल्या फरमॅना परगण्यातल्या बोहो गावच्या दफनभूमीतल्या मातीला काय म्हणाल? फडक्यात बांधून उशाखाली ठेवतात. तिच्यात हट्टी जंतूंना रोखणारा स्ट्रेप्टोमायसीस गटातला नवा जिवाणू सापडल्याचं 2018 मध्ये जाहीर झालं.

– ‘अंगारा’ ओठावर येतो, पण ती राख नव्हे, आणि काम झालं की माती परत नेऊन ठेवावी लागते. ‘गुणाची माती’ म्हणा.

प्रश्नकर्ता: मग ‘त्याच्या हाताला नायट्याचा गुण आहे’ असं लिहितो.

– ‘नायट्यावर’ करा. ‘नायट्याचा गुण’ म्हणजे त्याच्या हातानेच नायटा होतो असं वाटेल.