मदत हवी आहे: हिलरी क्लिंटन चरित्राबद्दल प्रकाशकाची बाजू कुठे मिळेल?

डेव्हिड ब्रॉकच्या १९९६ मधल्या हिलरी क्लिंटन चरित्रावर टिपण लिहितोय. क्लिंटनविरोधी लेखनासाठी गाजलेला पत्रकार, 'फ्री प्रेस' या प्रकाशनसंस्थेने दिलेली सुमारे १० लाख डॉलरची आगाऊ रक्कम, त्यात ऐन निवडणुकीचं वर्ष. उजव्या गोटाला चिखलफेक अपेक्षित होती आणि हाती आलं बऱ्यापैकी सहानुभूतीचं पुस्तक! मूळ चरित्र वाचलंय, ब्रॉकचं २००२ चं आत्मकथनही. पण त्यात अर्थातच त्याचीच बाजू. तेव्हाची परीक्षणं चाळली, ती पुस्तकाबद्दलच बोलतात. इंग्रजी मजकूर चालेल, पायरेटेड पीडीएफ मात्र नको. हस्तलिखित वाचून संपादकांनी बदल मागितले होते का, हे ब्रॉकखेरीज दुसऱ्या कुणी कुठे लिहिलंय का?